ग्वाम, सेंट थॉमसहून अमेरिकेत ड्युटी न भरता माल आणायचाय? मग आधी हे वाचा

अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीच्या मालासाठीच्या खास क्षेत्रात (एसईझेड), ज्यांनी नोकरी केलीय त्यांना ही भानगड पाच मिनिटांत कळते, बाकीच्यांना जरा वेळ लागतो. सीप्झचं गेट मुंबईत, वॉचमन मराठी, डबा घरचा, पण एसईझेडच्या कायद्यात गेटच्या आतली जागा भारताच्या कस्टम हद्दीबाहेरची धरतात, त्यामुळे आत बनलेला दागिना झवेरी बाजारात विकायचा म्हटलं की बिल ऑफ एंट्री भरा, ड्युटी भरा, सगळं अगदी दुबईहून माल आल्यासारखं. देश एकच पण कस्टमची रेघ वेगळी. अमेरिकेनं हेच अख्ख्या बेटांच्या बाबतीत करून ठेवलंय, आणि मग त्या बेटांवरच्या लोकांचं पोट चालावं म्हणून एक सवलत दिलीय, की तुमच्याकडे बनलेला माल आमच्याकडे ड्युटी न भरता येऊ दे, पण अटी आमच्या.

मी आठ वर्षं सीप्झमध्ये डॉक्युमेंटेशनला होते, आता न्यू जर्सीत एका कस्टम ब्रोकरकडे असते. दर दोन-चार महिन्यांनी ओळखीतलं कोणीतरी विचारतं की ताई, आम्ही सेंट क्रॉयला छोटं युनिट टाकतोय, किंवा मुलगा ग्वामला नोकरीला लागलाय तिथून काहीतरी पाठवायचं म्हणतो, ड्युटी लागते का? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं क्रमानं लिहून टाकते.

पहिलं काम: बेट रेघेच्या आत आहे की बाहेर ते बघा

अमेरिकेची कस्टम हद्द म्हणजे ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि पोर्टो रिको. बस. पोर्टो रिको आत आहे, म्हणजे सान हुआनहून न्यूयॉर्कला माल गेला तर कस्टमच्या दृष्टीनं तो नागपूरहून पुण्याला गेल्यासारखाच. पण तिथून विमानानं अर्ध्या तासावर असलेलं सेंट थॉमस बाहेर! सेंट थॉमस, सेंट जॉन, सेंट क्रॉय ही तीन मुख्य बेटं म्हणजे यूएस व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकेनं १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून विकत घेतलेली. त्याशिवाय बाहेर आहेत ग्वाम, अमेरिकन समोआ आणि नॉर्दर्न मारियाना बेटं, म्हणजे ज्यातलं सायपान आपण ऐकलेलं असतं. वेक, मिडवे वगैरे पण यादीत आहेत पण तिथे कारखाना टाकायला कोणी जात नाही.

यात लॉजिक शोधायला जाऊ नका. ग्वाम आणि पोर्टो रिको दोन्ही १८९८ च्या युद्धात स्पेनकडून एकदमच मिळाले, एक आत घेतलं, एक बाहेर ठेवलं.

दोन ठिकाणी नवी माणसं हमखास चुकतात. एक म्हणजे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, नाव सारखं, सेंट जॉनहून समोर दिसतात, पण ते ब्रिटनचं, तिथल्या मालाला यातलं काहीही लागू नाही. दुसरं म्हणजे पलाऊ, मार्शल आयलंड्स, मायक्रोनेशिया, इथे डॉलर चालतो, अमेरिकेशी करार आहे, पण ते स्वतंत्र देश आहेत आणि त्यांचा नियम वेगळा आहे. पॅसिफिकमधलं प्रत्येक बेट अमेरिकेचं नसतं हो.

मग टॅरिफ (म्हणजे ड्युटीच्या दरांची सरकारी यादी) उघडा आणि बघा की ड्युटी मुळात आहे का

हे कोणी करतच नाही. सवलतीसाठी धावपळ सुरू, सर्टिफिकेट, हिशोब, ब्रोकरची फी, आणि नंतर कळतं की त्या मालाचा साधा दर आधीच फ्री होता. तेव्हा आधी आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे त्या यादीतला मालाचा नंबर, नक्की करा, अमेरिकन टॅरिफमध्ये पहिल्या कॉलमचा जनरल दर बघा. फ्री असेल तरी एक फायदा उरतो, बेटावर बनलेल्या पात्र मालाला मर्चंडाइज प्रोसेसिंग फी, म्हणजे कस्टम माल सोडवताना घेतं ती फी, माफ असते, पण तेवढ्यासाठी किती कागद रंगवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा.

दर चांगला जाड असेल तर मात्र ही सवलत सोन्यासारखी. उदाहरण टूना माशाचं. डबाबंद टूना तेलातला असेल तर अमेरिकेत ३५ टक्के ड्युटी, पाण्यातला असेल तर कोट्याच्या आत ६ आणि कोटा संपला की साडेबारा टक्के. आता कळलं अमेरिकन समोआत पागो पागोच्या बंदरात टूनाची एवढी मोठी कॅनरी, म्हणजे मासे डबाबंद करायचा कारखाना, कशाला उभी आहे? माशांसाठी तर आहेच, पण या ३५ टक्क्यांसाठीही आहे.

आणि हो, साध्या दराच्या वर अधूनमधून जे जादा टॅरिफ बसवतात आणि काढतात, किंवा फार स्वस्तात ओतलेल्या परदेशी मालावरची अँटी डंपिंग ड्युटी असते, ते वेगळं प्रकरण, ते ज्या दिवशी एंट्री होणार त्या दिवशीचं बघायचं, मागच्या महिन्याची शीट उघडून बसू नका.

माल खरंच तिथे बनलाय का

बेटावर पिकलेलं, पकडलेलं, उगवलेलं असेल तर प्रश्नच नाही. पण बाहेरून कच्चा माल आणून तिथे काही बनवत असाल तर त्या कच्च्या मालाचं रूप, नाव, वापर बदलून नवीन वस्तू तयार झाली पाहिजे. चीनहून तयार पर्स आणल्या, सेंट क्रॉयला नवीन डब्यात घातल्या, लेबल लावलं, तर ती चीनचीच पर्स. कापड आणून कापून शिवलं तर ती वेगळी गोष्ट. मधल्या केसेस पुष्कळ असतात, अर्धवट जोडलेला माल आणून स्क्रू मारणं वगैरे, आणि अशा वेळी माझं स्पष्ट मत आहे की अंदाजावर कारखाना टाकू नका, कस्टमकडून म्हणजे सीबीपीकडून लेखी रुलिंग मागवा. मशीन घेण्याआधी मागवा, नंतर नाही. जुनी रुलिंग ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, आपल्या मालासारखी दोन-तीन शोधून वाचली तरी अर्धं डोकं साफ होतं.

टक्क्यांचा हिशोब, इथेच सगळा खेळ आहे

नियम असा, की मालाच्या एकूण किमतीत परदेशी कच्च्या मालाचा वाटा ७० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणि काही ठराविक वस्तूंना ही मर्यादा ५० टक्के आहे. त्या ठराविक वस्तू म्हणजे ज्यांना अमेरिकेनं कॅरिबियन देशांना दिलेल्या ड्युटीच्या सवलतीतून मुळात वगळलं होतं: कापड-कपडे, बरीचशी पादत्राणं, हँडबॅग, सामानाच्या बॅगा, कामाचे हातमोजे, चामड्याचे कपडे, डबाबंद टूना, पेट्रोलियम असलं सगळं. तुमची वस्तू त्यात येते का हे आधी बघा, कारण ७० धरून कॉस्टिंग केलं आणि नंतर ५० निघालं तर धंदाच बसला.

आता या टक्क्यांच्या भागाकारात वरती काय आणि खाली काय ते नीट समजून घ्या. वरती येतो परदेशी कच्च्या मालाचा प्रत्यक्ष खरेदीचा दर, अधिक तो बेटापर्यंत आणायचं भाडं. बेटावर लागलेला कर किंवा ड्युटी त्यात धरायची नाही, बंदरावर उतरल्यानंतरचा ट्रक, हमाली तेही नाही. खाली येते तयार मालाची अमेरिकेच्या कस्टमनं मान्य केलेली किंमत, म्हणजे साधारणपणे अमेरिकेतल्या खरेदीदारानं खरोखर मोजलेले पैसे, ज्यात तुमची मजुरी, वीज, भाडं, नफा सगळं आलं.

समजा सेंट क्रॉयला कोणी आंब्याचा तिखट सॉस बनवतंय. एका खोक्याची किंमत ६० डॉलर. रत्नागिरीहून आंब्याचा पल्प आणि बाहेरची मिरची मिळून ३० डॉलर, भाडं ६ डॉलर. ३६ भागिले ६०, ६० टक्के, पास. आता जहाजांचे दर भडकले आणि तेच भाडं १३ डॉलर झालं. ४३ भागिले ६०, जवळजवळ ७२ टक्के. नापास. रेसिपी तीच, माणसं तीच, फक्त कंटेनर महागला आणि सवलत गेली.

हँडबॅगची गंमत याहून वाईट. ५० टक्क्यांची मर्यादा. किंमत ८० डॉलर, परदेशी चामडं आणि चेन ३६, भाडं ३, एकूण ३९, म्हणजे ४९ टक्क्यांच्या जरा आत. पास. सेल्सवाल्या भावानं परस्पर गिऱ्हाईकाला ५ डॉलर सूट दिली, ३९ भागिले ७५, ५२ टक्के, गेलं. सूट देताना कोणी कस्टमचा विचार करत नाही, म्हणून सेल्सवाल्याला ही एक लाइन भिंतीवर चिकटवून द्या. मी तर म्हणते काठावर चालूच नका, मर्यादेच्या आठ-दहा टक्के खाली राहील असंच कॉस्टिंग ठेवा. आणि विकणारी कंपनीही आपली, घेणारीही आपलीच, म्हणून किंमत फुगवून टक्के बसवू असा डोक्यात विचार आला असेल तर तो तिथेच सोडा, नातेसंबंधातली किंमत कस्टम आधी तपासतं.

कुठला कच्चा माल परदेशी धरायचा नाही

हा भाग समजला की बऱ्याच नापास वस्तू पास होतात. अमेरिकेतून आणलेला माल परदेशी नाही. बेटाचा स्वतःचा माल परदेशी नाही, इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण तिसरा प्रकार कोणी बघत नाही: जो परदेशी कच्चा माल अमेरिकेत कुठल्याही देशाकडून तसाच आणला असता तर ड्युटी फ्री आला असता, तो हिशोबात परदेशी धरतच नाहीत.

परत टूनाकडे या. डब्यातल्या टूनावर ३५ टक्के, पण गोठवलेला अख्खा टूना मासा फ्री. म्हणजे परदेशी बोटीनं पकडलेला मासा जरी पागो पागोच्या कॅनरीत आला तरी ५० टक्क्यांच्या हिशोबात तो जवळजवळ त्रास देतच नाही. दागिन्यांचंही तसंच, सोन्याच्या दागिन्यांवर साधारण ५ ते ७ टक्के दर, पण सुटे हिरे आणि सोन्याची लगड यांचा मूळ दर फ्री. सुरतेत पैलू पाडलेला हिरा सेंट थॉमसच्या कारागिरानं अंगठीत बसवला तर तो हिरा हिशोबात भारतीय असूनही परदेशी ठरत नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. फक्त वर सांगितलेले जादा टॅरिफ त्या कच्च्या मालावर लागू असतील तर "फ्री" म्हणायच्या आधी ब्रोकरकडून लेखी मत घ्या.

हे फ्री असणं कधी बघायचं? दोन तारखा चालतात. तयार माल अमेरिकेत एंटर होतो त्या दिवशी कच्चा माल फ्री असेल तर उत्तम. नाहीतर कच्चा माल बेटावर आला त्या दिवशी फ्री होता एवढंही पुरतं, पण मग अट अशी की तो आल्यापासून १८ महिन्यांच्या आत तयार मालात वापरला गेला हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. दाखवता आलं पाहिजे, म्हणजे गोडाऊनचं रजिस्टर, कुठल्या लॉटमधून किती किलो कुठल्या बॅचला गेलं, तारखेसकट. दोन वर्षांचा जुना स्टॉक कोपऱ्यात ठेवून नवीन बिलं दाखवणारे भेटतात, ते पकडले जातात.

रस्ता सरळ ठेवा

माझ्या अनुभवात टक्क्यांपेक्षा जास्त कन्साइनमेंट इथे अडकतात. माल बेटावरून थेट अमेरिकेच्या कस्टम हद्दीत आला पाहिजे. कुठल्याही परदेशातून न जाता आला तर काही बोलायलाच नको. परदेशी बंदरात जहाज बदललं तरी चालतं, पण मग माल त्या देशाच्या बाजारात शिरलेला नसावा आणि इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) या सगळ्यांवर शेवटचं ठिकाण अमेरिका असंच लिहिलेलं असावं. कागदावर तसं नसेल तर माल पूर्ण वेळ तिथल्या कस्टमच्या ताब्यात होता, चढवणं-उतरवणं सोडून त्याला कोणी हात लावला नाही, हे सिद्ध करत बसा.

आमच्याकडे एक कन्साइनमेंट आली होती, सगळं चोख, टक्के ५८, सर्टिफिकेट बरोबर. कन्सॉलिडेटरनं, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरून पाठवणाऱ्यानं, मधल्या एका परदेशी बंदरात नवीन बिल ऑफ लेडिंग काढलं आणि त्यावर शेवटचं ठिकाण म्हणून तेच बंदर टाकलं, का तर त्यांच्या सिस्टिममध्ये तसं पटकन होतं म्हणे. पुढचे तीन महिने आम्ही पत्रव्यवहार करत होतो. तेव्हापासून बुकिंग करतानाच मेलवर लिहून घेते की बेटापासून अमेरिकेपर्यंत एकच थ्रू बिल हवं आणि ड्राफ्ट बघितल्याशिवाय फायनल करायचं नाही.

यात अजून एक गोष्ट. अमेरिकेच्या दोन बंदरांमधला माल अमेरिकन जहाजानंच न्यायचा असा जो जोन्स ॲक्ट आहे, तो व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन समोआ आणि नॉर्दर्न मारियानाला लागू नाही, ग्वामला लागू आहे. म्हणजे पहिल्या तिघांकडून परदेशी जहाजं येऊ शकतात, भाडं कमी पडू शकतं, पण तीच जहाजं वाटेत परदेशी बंदरं करत येतात. स्वस्त भाडं बघून हुरळून जाऊ नका.

कागदं

मुख्य कागद म्हणजे सीबीपीचा फॉर्म ३२२९, बेटांच्या मालाचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. यात परदेशी कच्चा माल कुठला, किती किमतीचा, बेटाचा आणि अमेरिकेचा माल किती, सगळं लिहायचं आणि माल जिथून निघतो तिथल्या कस्टम अधिकाऱ्याची सही घ्यायची. माल निघायच्या आधी घ्या, मागाहून सही मिळवणं म्हणजे तलाठ्याकडे जुनी नोंद शोधण्यासारखं. लक्षात ठेवा, ग्वाम आणि अमेरिकन समोआत कस्टमचं खातं तिथल्या स्थानिक सरकारचं असतं, तर व्हर्जिन आयलंड्समध्ये सीबीपीच बसतं, तेव्हा सहीसाठी कोणत्या ऑफिसात जायचं ते ठिकाणाप्रमाणे बदलतं.

छोटा माल असेल, म्हणजे इनफॉर्मल एंट्रीत बसणारा, साधारण २,५०० डॉलरपर्यंत, तर हे सर्टिफिकेट सहसा लागत नाही, पण १८ महिन्यांवाला नियम वापरत असाल तर छोट्या मालालाही लागतं. एंट्री समरी म्हणजे फॉर्म ७५०१ भरताना एचएस कोडच्या आधी "वाय" हे अक्षर टाकून सवलत मागायची असते. ते टाकलं नाही तर सवलत आपोआप मिळत नाही, सिस्टिम गपचूप पूर्ण ड्युटी लावते. नवीन ब्रोकर असेल तर त्याला हे अक्षर माहीत आहे का विचारा, भारत-चीनचा माल करणाऱ्या पुष्कळांनी ते कधी वापरलेलंच नसतं. आणि कागदं पाच वर्षं जपून ठेवा, कच्च्या मालाच्या बिलांसकट.

काही वेगळे प्रकार, थोडक्यात

अमेरिकेत ड्युटी भरून आलेला माल बेटावर पाठवला, त्याची ड्युटी परत घेतली नाही, आणि तो तिथून सरळ परत आला, तर त्यालाही ड्युटी नाही. न विकलेला स्टॉक परत मागवणाऱ्यांना उपयोगी.

घड्याळं या नेहमीच्या नियमात येत नाहीत, त्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे, कोटा आहे आणि बेटावर दिलेल्या पगाराच्या हिशोबानं ड्युटी परत मिळवून देणारी सर्टिफिकेट द्यायची तरतूद केली होती. १९९९ पासून दागिने बनवणाऱ्यांनाही ती सर्टिफिकेट मिळायला लागली. दागिन्यांचं युनिट टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रम, दारू आणणाऱ्यांनी ड्युटी आणि एक्साइज यात गल्लत करू नये. सेंट क्रॉयची रम ड्युटी न भरता येते, एक्साइज मात्र लागतो, मूळ दर प्रूफ गॅलनमागे (निम्मा अल्कोहोल असलेल्या एका गॅलनमागे) १३.५० डॉलर, आणि रमवरच्या त्या करातला मोठा भाग अमेरिकन तिजोरीतून पुन्हा बेटांच्या सरकारला जातो.

आणि कपड्यांचा विचार करणाऱ्यांनी सायपानची गोष्ट माहीत करून घ्यावी. परदेशी कापड आणायचं, तिथे शिवायचं, ५० टक्क्यांचा हिशोब बसवायचा, ड्युटी नाही, कोटा नाही आणि वर लेबल मेड इन यूएसए. १९९० च्या दशकाअखेर वर्षाला जवळपास १०० कोटी डॉलरचे कपडे तिथून जात होते, शिवणारे बहुतेक चीनहून आणलेले मजूर, आणि त्यांच्या हालांवरून १९९९ मध्ये मोठे खटले झाले. २००५ मध्ये जगभरचा कापडाचा कोटा उठला, सगळे सरळ चीनमध्येच शिवायला लागले आणि २००९ पर्यंत सायपानचा शेवटचा कारखाना बंद. फक्त सवलतीवर उभा केलेला धंदा मला म्हणूनच पटत नाही.

आणि क्रूझवाल्यांसाठी

हा प्रश्न धंदेवाल्यांपेक्षा जास्त येतो. अमेरिकेत राहणारा माणूस परदेशातून परत येताना ८०० डॉलरपर्यंतची खरेदी ड्युटीशिवाय आणू शकतो, पण या बेटांवरून येताना ही मर्यादा १,६०० डॉलर आहे. मात्र क्रूझ सेंट थॉमससोबत सिंट मार्टेनलाही थांबली असेल, जे डच आहे, तर १,६०० पैकी तिथली खरेदी ८०० च्या वर धरत नाहीत. दारू ५ लिटर चालते, पण त्यातली निदान १ लिटर त्या बेटांवर बनलेली हवी, म्हणून सगळे शेवटच्या दिवशी रमची एक बाटली घेतात. १,६०० च्या वर पुढच्या १,००० डॉलरला दीड टक्का असा सपाट दर आहे.

सेंट थॉमसच्या मेन स्ट्रीटवर सिंधी दुकानदार पुष्कळ आहेत, हिंदीत बोललात की चहा येईल, भाव उतरेल, पण बिल मात्र पक्कं मागून घ्या आणि त्यावर दुकानाचं गाव दिसू द्या. नाहीतर अंगठी कुठे घेतली, सेंट थॉमसला की सिंट मार्टेनला, हे तुम्हाला ऑफिसरला पटवून द्यावं लागेल. आणि विमानानं परत येत असाल तर हा ऑफिसर मायामीला नाही, सेंट थॉमसच्या विमानतळावरच भेटतो, विमानात बसायच्या आधी. "अमेरिकेतच तर आहे" म्हणून पासपोर्ट, व्हिसाचे कागद घरी ठेवून गेलेली आपली एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वाली मंडळी तिथेच घामाघूम होऊन घरी फोन लावत असतात, की टेबलाच्या खणातल्या कागदांचा फोटो पाठव पटकन.